मेरी बॅगट स्टॅक

मेरी बॅगट स्टॅक (१८८३–१९३५) या आयरिश वंशाच्या व्यायामशिक्षिका होत्या. १९३० मध्ये त्यांनी लंडनमध्ये विमेन्स लीग ऑफ हेल्थ अँड ब्यूटी ही संस्था स्थापन केली. संगीताच्या तालावर, मोठ्या गटाने आणि अल्प शुल्कात व्यायाम करण्याची सोय या संस्थेमुळे ब्रिटनमधील सामान्य स्त्रियांना उपलब्ध झाली. निकटवर्तीयांत त्या मॉली या नावाने ओळखल्या जात.

सुरुवातीचे जीवन

मेरी यांचा जन्म डब्लिन येथे झाला. माहेरचे आडनाव थॉम्पसन. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले. पुढे १९०७ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि कॉन इन्स्टिट्यूट या संस्थेत शरीरसंवर्धनाचे शिक्षण घेऊ लागल्या. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी मँचेस्टरमध्ये स्वतःचे वर्ग चालवले.

भारतातील वास्तव्य

१९१२ मध्ये गुरखा रायफल्समधील अधिकारी एडवर्ड ह्यू बॅगट स्टॅक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या भारतात आल्या. गढवालच्या डोंगरातील लॅन्सडाउन या लष्करी ठाण्यावर त्यांचे वास्तव्य होते. येथेच त्यांचा योगासनांशी परिचय झाला. आसनांतील सावकाश ताण, श्वासाशी जोडलेली हालचाल आणि शरीर सैल सोडण्याची क्रिया यांचा उपयोग त्यांनी पुढे आपल्या पद्धतीत केला.

जुलै १९१४ मध्ये कन्या प्रुनेला हिचा जन्म लॅन्सडाउन येथेच झाला. त्यानंतर काही दिवसांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. एडवर्ड यांची पलटण फ्रान्सच्या आघाडीवर रवाना झाली आणि त्याच वर्षी ते तेथे मारले गेले. वैवाहिक जीवन जेमतेम दोन वर्षांचे ठरले. तान्ह्या मुलीला घेऊन मेरी इंग्लंडला परतल्या.

व्यायामपद्धती

महायुद्धानंतर मेरी यांनी लंडनमध्ये मुलांचे व स्त्रियांचे वर्ग सुरू केले. १९२५ मध्ये त्यांनी बॅगट स्टॅक हेल्थ स्कूल ही शिक्षिका तयार करणारी शाळा काढली. त्यांच्या पद्धतीत ताण देणे आणि झोका घेणे या दोन क्रियांना मध्यवर्ती स्थान होते. जड उपकरणांची गरज नसे. जमिनीवर बसून वा झोपून पोट, पाठ व कंबर बळकट करणारे प्रकार केले जात; उभ्याने केलेल्या प्रकारांत तोल व शरीराची ठेवण सुधारण्यावर भर असे, आणि नृत्यासारख्या सलग हालचालींमुळे दमसास वाढे. पियानोच्या साथीमुळे अनेक स्त्रियांना एका लयीत ठेवणे सोपे जाई. शाळेतील लष्करी थाटाच्या कवायतीने कंटाळलेल्या स्त्रियांना हा बदल मानवला.

संघाची स्थापना

शाळेतील शिक्षण मात्र सुखवस्तू घरांतील मुलींनाच परवडणारे होते. कचेऱ्यांत व दुकानांत दिवसभर काम करणाऱ्या स्त्रियांना ना वेळ होता, ना पैसा. त्यांच्यासाठी मेरी यांनी १९३० मध्ये संघ स्थापन केला. आरंभी सभासद केवळ १६ होत्या. वार्षिक वर्गणी अडीच शिलिंग आणि प्रत्येक वर्गाचे सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग, असा दर ठेवण्यात आला. एवढ्या कमी शुल्कावर संघ चालायचा तर वर्ग मोठेच असणे भाग होते, त्यामुळे सामूहिकता ही या पद्धतीची आर्थिक गरजही होती. सर्व सभासदांना बिनबाह्यांचा पांढरा ब्लाउज आणि काळी आखूड चड्डी असा एकच गणवेश असे. त्यामुळे वर्गात मालकीणबाई आणि टंकलेखिका यांच्यातला फरक दिसत नसे.

त्याच वर्षी संघाने लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रात्यक्षिक केले. उघड्या मैदानात, भर गर्दीसमोर एवढ्या तोकड्या वेशात स्त्रियांनी व्यायाम करणे त्या काळी धाडसाचे होते. १९३१ पासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रात्यक्षिके होऊ लागली. त्याच वर्षी मेरी यांचे 'बिल्डिंग द बॉडी ब्यूटिफुल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

विचार

निरोगी माता निरोगी पिढी घडवतील आणि त्यातून जगात शांतता नांदेल, अशी मेरी यांची धारणा होती. युद्धात पती गमावलेल्या स्त्रीची ही आस समजण्याजोगी आहे. मात्र संघाच्या उद्दिष्टांत वंशाच्या आरोग्याची भाषाही होती. ती त्या काळच्या युरोपात प्रचलित असलेल्या सुप्रजननवादी विचारांशी नाते सांगते, आणि आजच्या वाचकाला खटकते. आरोग्याला सौंदर्याची जोड दिल्यामुळे सभासद वाढल्या हे खरे, पण सडपातळ देहाचा एकच आदर्श स्त्रियांपुढे ठेवला गेला, अशीही टीका होते.

मृत्यू आणि वारसा

संघ झपाट्याने वाढत असतानाच मेरी यांना कर्करोग झाला. जानेवारी १९३५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संघाची धुरा वीस वर्षांच्या प्रुनेला यांच्यावर आली. त्यांच्या नेतृत्वाखाली १९३७ पर्यंत सभासदसंख्या १ लाख ६० हजारांच्या पुढे गेली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही शाखा निघाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही संख्या बरीच घटली. १९८८ मध्ये प्रुनेला यांनी आईचे व संघाचे चरित्र लिहिले.

पुढे द फिटनेस लीग असे नाव घेतलेल्या या संस्थेचे वर्ग नंतरच्या काळातही सुरू राहिले, आणि त्यांत वयस्कर स्त्रियांचा सहभाग लक्षणीय असे. आधुनिक योगाच्या इतिहासाचे अभ्यासक मार्क सिंगल्टन यांनी पाश्चात्त्य देशांतील आजच्या योगवर्गांचे साम्य स्टॅक यांच्यासारख्या शिक्षिकांच्या स्त्री-व्यायामपरंपरेशी दाखवून दिले आहे.