डोळस हकीम अल-राझी

इराण देशात, आजच्या तेहरान शहराजवळ, प्राचीन काळी रय नावाचे एक भरभराटीचे नगर होते. तेथे एका हकिमांची बैठक भरत असे. भव्य मस्तकाचे ते वृद्ध हकीम मध्यभागी बसत. त्यांच्यापुढे त्यांचे शिष्य, त्या शिष्यांपुढे त्यांचे शिष्य आणि सर्वांत बाहेर नवशिके विद्यार्थी, अशी ती मंडळी बसलेली असे. रोगी आला की तो प्रथम नवशिक्यांना आपले दुखणे सांगे. त्यांना निदान झाले नाही, तर तो पुढच्या रांगेकडे जाई. सर्वांचीच मती कुंठित झाली, म्हणजे हकीम स्वतः त्याला तपासत. या हकिमांचे नाव अबू बक्र मुहंमद इब्न झकरिया अल-राझी. अल-राझी म्हणजे रय गावचे राहणारे.

त्यांचा जन्म इ. स. ८६५ च्या सुमारास झाला. तरुणपणी त्यांना संगीताचा व रसायनविद्येचा नाद होता. वैद्यकाकडे ते काहीसे उशिरा वळले, असे सांगतात; परंतु एकदा वळल्यावर त्यांनी त्या शास्त्राला सर्वस्व वाहिले. प्रथम रय येथील आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. बगदादच्या रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगून ठेवले व जेथील मांस सर्वांत उशिरा नासले, ती जागा पसंत केली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, प्रत्यक्ष पाहिल्यावाचून निर्णय करावयाचा नाही, हा त्यांचा स्वभाव तीतून उत्तम प्रकट होतो.

त्या काळी देवी आणि गोवर या दोन रोगांनी घरोघरची मुले अंथरुणाला खिळत. दोहोंतही ताप येई, अंग लाल होई आणि कातडीवर काही ना काही उमटे. त्यामुळे वैद्यांचाही पुष्कळदा गोंधळ होई. देवी कित्येकांचे प्राण घेत. वाचलेल्यांच्या तोंडावर खोल वण ठेवीत आणि कित्येकांना कायमचे आंधळे करीत. म्हणून कोणता रोग आला आहे, हे वेळीच ओळखणे फार महत्त्वाचे होते.

अल-राझी रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या कातडीकडे बारकाईने पाहत. देवीत पाठदुखी अधिक असते. गोवरात मळमळ व अस्वस्थता अधिक असते, हे त्यांनी टिपले. देवीचे फोड वर उचललेले असतात व त्यांत पुढे पू भरतो. गोवराचा पुरळ मात्र अंगाबरोबर लालसर पसरतो. फोडांचा रंग, आकार व संख्या यांवरूनही ते पुढचे भविष्य जाणत. फोड मोठे, पांढरे, थोडे व सुटेसुटे असले, तर रोगी बहुधा वाचे. ते बारीक, कठीण, एकमेकांत मिसळलेले अथवा हिरवट-काळसर असले, तर धोका मोठा असे. डोळ्यांची जपणूक कशी करावी हेही त्यांनी सांगितले; त्यासाठी ते गुलाबपाण्याचे थेंब घालावयास सांगत. हे सर्व त्यांनी देवी व गोवर यांवरील एका लहानशा ग्रंथात लिहून ठेवले. या दोन रोगांतील भेद इतक्या तपशिलाने सांगणारा याहून जुना ग्रंथ आज उपलब्ध नाही.

या रोगांचे कारण मात्र त्यांना गवसले नाही. रक्त आंबून उकळते व त्यामुळे फोड येतात, असे ते मानीत. हे रोग विषाणूंमुळे होतात, हे पुढे शेकडो वर्षांनी समजले. कारण चुकले, तरी डोळ्यांनी पाहिलेले चुकले नाही. म्हणूनच त्यांचा ग्रंथ टिकला.

गेलन हा ग्रीक वैद्य त्या काळी प्रमाण मानला जाई. अल-राझींना त्याच्याविषयी अतिशय आदर होता. तरीही जेथे त्याचे म्हणणे अनुभवाशी जुळेना, तेथे त्यांनी ग्रंथ लिहून आपल्या शंका निर्भयपणे मांडल्या. ज्यांना वैद्य मिळणे शक्य नाही अशा लोकांसाठीही त्यांनी एक पुस्तक लिहिले. गोरगरिबांवर ते ममतेने उपचार करीत व त्यांना पैशाचीही मदत देत.

आपल्या महाग्रंथासाठी ते पंधरा वर्षे रात्रंदिवस राबले. अतिश्रमाने त्यांची दृष्टी मंदावली व लिहिता हात दुबळा झाला; तेव्हा दुसऱ्यांकडून वाचून व लिहून घेऊन त्यांनी काम चालूच ठेवले. ज्या डोळ्यांनी इतरांचे रोग ओळखले, ते डोळे अखेरीस पूर्णपणे गेले. इ. स. ९२५ मध्ये रय येथेच त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे शिष्यांनी एकत्र केली. १२७९ मध्ये त्यांचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्यही त्यांचे विद्यार्थी बनले.

पुढे हजार वर्षांनी देवीच्या निर्मूलनाची मोहीम निघाली. आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन भारतातील खेड्यापाड्यांत दारोदार फिरले. असे फोड कोणाला आले आहेत काय, अशी विचारपूस करीत ते रोगी शोधून काढीत व आसपासच्या लोकांना लस टोचीत. १९७५ मध्ये भारतातून देवी हटल्या आणि १९८० मध्ये त्या जगातून नाहीशा झाल्याचे जाहीर झाले. गोवर अद्याप आहे. परंतु त्यावरही लस आहे. या विजयात लसीइतकाच रोग अचूक ओळखणाऱ्या नजरेचा वाटा आहे. ती नजर जगाला देणाऱ्यांत, अखेरीस अंध झालेल्या या डोळस हकिमांचे स्थान फार वरचे आहे.