राजेंद्रनाथ : जबलपूरच्या मल्होत्रा घराण्यातील विनोदवीर

हिंदी चित्रपटांत १९६० च्या दशकात नायकाचा मित्र म्हणून पडद्यावर येणारा, भडक रंगाचे कपडे, डोक्यावर चमत्कारिक टोपी आणि चेहऱ्यावर निरागस गोंधळ घेऊन वावरणारा अभिनेता म्हणजे राजेंद्रनाथ. 'पोपटलाल' हे त्यांच्या एका भूमिकेचे नाव पुढे त्यांना आयुष्यभर चिकटले. ज्या घरातून ते चित्रपटसृष्टीत आले, त्या घरात नायक होता, खलनायक होता, हिंदी चित्रपटसृष्टीतील सर्वांत मोठ्या घराण्याशी सोयरीक होती. विदूषकाची जागा मात्र रिकामी होती, ती राजेंद्रनाथ यांनी घेतली.

मल्होत्रा कुटुंब मूळचे पेशावरचे. वडील कर्तारनाथ मल्होत्रा रीवा संस्थानात पोलीस खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. राजेंद्रनाथ यांचा जन्म १९३१ मध्ये बुंदेलखंडातील टिकमगढ येथे झाला. कुटुंब पुढे जबलपूरला स्थायिक झाले. थोरले बंधू प्रेमनाथ, धाकटे नरेंद्रनाथ आणि बहीण कृष्णा ही नावे चित्रपट रसिकांना परिचित आहेत. कृष्णा यांचा विवाह मे १९४६ मध्ये रीवा येथे राज कपूर यांच्याशी झाला. दुसरी बहीण उमा यांचा विवाह पुढे प्रेम चोप्रा यांच्याशी झाला. नर्मदेकाठच्या या शहराचे कपूर कुटुंबाशी असलेले नाते पडद्यावरही उमटले. 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०) या चित्रपटातील एका गाण्याचे चित्रीकरण जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये झाले होते.

प्रेमनाथ प्रथम मुंबईला गेले. 'आग' (१९४८), 'बरसात' (१९४९), 'बादल' (१९५१) आणि मेहबूब खान यांचा 'आन' (१९५२) या चित्रपटांनी त्यांना आघाडीच्या नटांच्या पंक्तीत बसवले. अभिनेत्री बीना राय यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांनी जबलपूरचे एम्पायर चित्रपटगृह विकत घेतले. लहानपणी तिकिटाविना शिरल्यामुळे याच चित्रपटगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले होते, अशी आख्यायिका जबलपुरात सांगितली जाते. आख्यायिकेची शहानिशा करणे कठीण आहे, परंतु प्रेमनाथ यांच्या स्वभावाशी ती जुळते. रागावले की जग विकत घ्यायला निघणारा हा माणूस होता.

राजेंद्रनाथ यांचा स्वभाव अगदी निराळा. थोरल्या भावाच्या पाठोपाठ ते मुंबईला आले आणि पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स' या नाट्यसंस्थेत दाखल झाले. १९४४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशभर दौरे करीत असे. 'दीवार', 'पठान', 'शकुंतला', 'आहुती' ही तिची गाजलेली नाटके. संस्थेत नवख्या नटाला किरकोळ भूमिकांबरोबर पडेल ते काम करावे लागे आणि प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी घेऊन उभे राहत. नटाच्या कामात लहानमोठे काही नसते, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा त्या काळी मुंबईत क्वचितच असेल. राजेंद्रनाथ यांना मात्र सुरुवातीची काही वर्षे शिस्तीपेक्षा मित्रमंडळींची ओढ अधिक होती. कामाकडे लक्ष नाही म्हणून संतापलेल्या प्रेमनाथ यांनी त्यांना घर सोडायला सांगितले, असे सांगितले जाते.

प्रेमनाथ यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. तिचे 'शगूफा' (१९५३) आणि 'गोलकुंडा का कैदी' (१९५४) हे चित्रपट अपेक्षेइतके चालले नाहीत. राजेंद्रनाथ यांना १९५६ मध्ये आय. एस. जोहर यांच्या 'हम सब चोर हैं' या चित्रपटात काम मिळाले, पण नाव झाले नाही. वयाची पंचविशी उलटली होती, भावाची पडती सुरू झाली होती आणि मेहुणा राज कपूर असूनही दारे आपोआप उघडत नव्हती.

नशीब उघडले ते नासिर हुसेन यांच्यामुळे. फिल्मालय संस्थेसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'दिल देके देखो' (१९५९) मध्ये शम्मी कपूर नायक होते, आशा पारेख प्रथमच नायिका म्हणून आल्या होत्या आणि संगीतकार उषा खन्ना यांचेही ते पदार्पण होते. या ताज्या वातावरणात राजेंद्रनाथ यांचा विनोद उठून दिसला. दोन वर्षांनी नासिर हुसेन यांनी स्वतःच्या संस्थेचा पहिला चित्रपट काढला, 'जब प्यार किसी से होता है' (१९६१). देव आनंद नायक असलेल्या या चित्रपटातील पोपटलालने राजेंद्रनाथ यांना घराघरात पोहोचवले. त्यानंतर 'फिर वही दिल लाया हूँ' (१९६३), 'मेरे सनम' आणि 'जानवर' (दोन्ही १९६५), 'अॅन इव्हनिंग इन पॅरिस' (१९६७), 'प्रिन्स' आणि 'प्यार का मौसम' (दोन्ही १९६९) अशी रांगच लागली.

त्या काळच्या रंगीत, गिरिस्थानांवर फिरणाऱ्या प्रेमकथांची रचना ठरलेली असे. मुख्य कथेला समांतर विनोदी उपकथानक चाले आणि वितरक चित्रपट घेताना विनोदी नट कोण आहे, हे आवर्जून विचारीत. या जागेवर मेहमूद यांचे राज्य होते. मेहमूद, शुभा खोटे आणि आपले धुमाळ हे त्रिकूट तर प्रेक्षकांना पाठ झाले होते. मेहमूद यांच्या पात्राला स्वतःची प्रेयसी, स्वतःचे गाणे, कधी कधी नायकाहून मोठे कथानक मिळे. राजेंद्रनाथ यांच्या वाट्याला असे ऐसपैस उपकथानक क्वचितच आले. ते नायकाच्या सावलीत उभे राहून हशा मिळवीत. त्यांचा नायिकेवर भाळलेला इसम कायम हरायचा आणि आपण हरलो हे त्यालाच सर्वांत शेवटी कळायचे. पोशाखाचा बटबटीतपणा बाजूला ठेवून पाहिले तर त्यांच्या संवादफेकीत संयम होता. आवाज चढवण्यापेक्षा क्षणभर गोंधळून थांबणे, हे त्यांचे खरे हत्यार.

या अभिनेत्याचा वेगळा उपयोग मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने केला. के. बालचंदर यांच्या 'भामा विजयम्' या १९६७ च्या तमिळ चित्रपटात शेजारी राहायला आलेल्या चित्रतारकेमुळे एका मध्यमवर्गीय घराची उडालेली तारांबळ दाखवली होती. त्यात तीन मुलांपैकी एकाची भूमिका तमिळमधील विख्यात विनोदी नट नागेश यांनी केली होती. हिंदी 'तीन बहुरानियाँ' (१९६८) मध्ये वडील झाले पृथ्वीराज कपूर आणि त्यांची मुले आगा, रमेश देव व राजेंद्रनाथ. जुन्या नाट्यसंस्थेच्या गुरूसमोर येथे राजेंद्रनाथ विचित्र टोपीविना, घरातला एक साधा माणूस म्हणून उभे राहिले. विनोद प्रसंगातून आला तर हा नट काय करू शकतो, ते या चित्रपटात दिसते. अशा संधी त्यांना आणखी मिळायला हव्या होत्या.

मराठी प्रेक्षकाला याचे थोडे आश्चर्य वाटेल. मराठीत 'लाखाची गोष्ट' (१९५२) पासून राजा गोसावी विनोदी नट असूनही नायक होते आणि 'सोंगाड्या' (१९७१) ने दादा कोंडके यांना नायकपद दिले. हिंदीत मात्र मेहमूद यांच्यासारखे अपवाद वगळता विनोदी नटाची पायरी ठरलेली होती, आणि ती पायरीच १९७० नंतर ढासळू लागली. सूडकथांचा जमाना आला. विनोदही नायकच करू लागला आणि समांतर उपकथानक आखडत गेले.

येथेच दोन भावांच्या वाटा एकमेकींना छेदून गेल्या. मधली काही वर्षे चित्रपटांपासून जवळजवळ दूर राहिलेले, अध्यात्माकडे वळलेले प्रेमनाथ 'तीसरी मंज़िल' (१९६६) मधून परतले. 'जॉनी मेरा नाम' (१९७०) मधील खलनायकानंतर त्यांना उसंत उरली नाही. 'बॉबी' (१९७३) मधील गोव्याचा कोळी जॅक ब्रागांझा त्यांनी स्वतःच्या भाच्यासमोर, ऋषी कपूर यांच्यासमोर, उभा केला. 'कालीचरण' (१९७६) आणि 'कर्ज' (१९८०) हे त्याच दुसऱ्या डावातले. वाढलेले वय, भारदस्त देह, घोगरा आवाज, सारे खलनायकाच्या उपयोगी पडले. धाकट्या भावाच्या बाबतीत हेच वय आडवे आले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने तरुण नायकाचा भाबडा मित्र म्हणून किती दिवस नाचायचे?

राजेंद्रनाथ यांनी १९७४ च्या सुमारास 'द गेटक्रॅशर' या चित्रपटाची निर्मिती हाती घेतली. तो अपुरा राहिला आणि त्यांच्यावर कर्जाचा बोजा पडला. ज्या भावाने निर्मितीत हात पोळून घेतले होते, त्याच्या अनुभवातून धडा घेण्याची रीत बहुधा या घरात नव्हती. पुढची वर्षे मिळेल ती भूमिका स्वीकारण्यात गेली. राज कपूर यांच्या संस्थेच्या 'बीवी ओ बीवी' (१९८१) मध्ये ते होते, पण पडद्यावरचा त्यांचा वेळ दर वर्षी आक्रसत होता. पोपटलाल मात्र त्यांना सोडून गेला नाही. याच नावाने त्यांनी रंगमंचावर विनोदी कार्यक्रम केले आणि लोक त्यासाठी येत राहिले.

नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रेमनाथ यांचे निधन झाले. राजेंद्रनाथ हळूहळू चित्रपटांतून निवृत्त झाले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बहीण कृष्णा राज कपूर त्यांच्या पश्चात दहा वर्षे, ऑक्टोबर २०१८ पर्यंत हयात होत्या.