बाळंतकळांवर भूल देणारा बेकरीवाल्याचा मुलगा

बाईच्या जातीनं बाळंतकळा सोसायच्याच असतात, असं आपल्याकडे आजही बोललं जातं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेतही हीच समजूत होती. तिला धक्का देणारे डॉक्टर म्हणजे जेम्स यंग सिम्पसन.

७ जून १८११ रोजी स्कॉटलंडमधल्या बाथगेट गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांची बेकरी होती. नऊ वर्षांचे असताना आई गेली. पोरगं हुशार, म्हणून घरच्यांनी पैसा उभा करून त्यांना १४ व्या वर्षी एडिंबरो विद्यापीठात धाडलं.

त्या काळी भूल नव्हती. पेशंटला धरून ठेवायचं आणि शुद्धीवरच ऑपरेशन करायचं. एका बाईच्या स्तनाच्या ऑपरेशनवेळी तिचे हाल पाहून सिम्पसन यांना डॉक्टरकी सोडावीशी वाटली. पण ते मागे फिरले नाहीत. १८४० मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, ते तिथंच प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री घरीच दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं. तिघंही बेशुद्ध पडले! काही दिवसांतच त्यांनी ते बाळंतिणींना द्यायला सुरुवात केली.

मग वाद पेटला. बाईने वेदनेतच मूल जन्माला घालावं असं बायबल सांगतं, असं काहींचं म्हणणं. अमेरिकेतले नामांकित डॉक्टर चार्ल्स मेग्ज यांच्या मते कळा हा निसर्गाचाच भाग. सिम्पसन यांनी बायबलमधूनच उत्तर दिलं. आदमची बरगडी काढण्याआधी देवानेच त्याला गाढ झोपवलं होतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण दुसरी बाजूही होती. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या बोटाचं नख काढताना १५ वर्षांची एक मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली. सिम्पसन यांनी औषधाचा दोष मानला नाही. लंडनचे डॉ. जॉन स्नो मात्र डोस मोजून, जपून देत राहिले. १८५३ मध्ये त्यांनीच राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं. त्यानंतर विरोध बराच निवळला.

६ मे १८७० रोजी सिम्पसन गेले. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि क्लोरोफॉर्म मागे पडलं. प्रश्न मात्र तोच राहिला. वेदना सोसायची की नाही, हे जिला दुखतंय तिला विचारूनच ठरायला हवं. आणि औषधाचा धोकाही तिला आधीच सांगायला हवा.