डॉ. बेस्ट यांचे दुसरे औषध

चार्ल्स बेस्ट म्हटले की इन्सुलिन आठवते. मधुमेहाने आमच्या बेटावरील फार थोडी घरे सोडली आहेत, म्हणून हे औषध आम्हा कोणालाच परके नाही. अमेरिकेत मेन राज्यात १८९९ साली जन्मलेले बेस्ट १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग यांच्या हाताखाली काम करू लागले, तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम बेस्ट यांना दिली. हे सारे पुष्कळांना ठाऊक आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती हेपारिनची हकीगत.

त्या काळी ऑपरेशन उत्तम पार पडे, जखम भरत येई, आणि काही दिवसांनी रोगी एकाएकी दगावे. खाटेवर पडून राहिल्याने पायांच्या शिरांतील रक्त मंदावते व गोठते. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली की सारे संपले. रक्त गोठू न देणारा पदार्थ जे मॅक्लीन या अमेरिकन विद्यार्थ्याला १९१६ साली कुत्र्याच्या अवयवांत सापडला होता, परंतु तो माणसाला टोचण्याइतका शुद्ध नव्हता.

बेस्ट यांनी १९२८ च्या सुमारास तो शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. आर्थर चार्ल्स व डेव्हिड स्कॉट हे त्यांचे सहकारी. गुरांचे यकृत सडू दिले की हेपारिन जास्त निघे, पण दुर्गंधी अशी सुटे की काम शहराबाहेर न्यावे लागले! पुढे यकृताऐवजी स्वस्त मिळणारी फुप्फुसे वापरली. १९३५ साली गॉर्डन मरे या सर्जनने ते माणसाला दिले.

खरी अडचण इथेच होती. रक्त गोठू दिले नाही तर ताजी जखम वाहू लागणार. सलाईनमधून दिलेल्या हेपारिनचा असर थोड्या तासांत ओसरे, हा मोठा आधार. १९३७ मध्ये त्यावर उतारा सापडला, माशाच्या वीर्यातून काढलेले प्रोटामिन. गंमत अशी की इन्सुलिनचा असर लांबवण्यासाठीही हेच प्रोटामिन वापरात आले होते.

तरी ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला ते द्यावे, एवढे धाडस डॉक्टरांना बरीच वर्षे झाले नाही. १९७५ साली लंडनचे डॉ. विजय कक्कर यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील ४,१२१ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या दोन तास आधी व नंतर दर आठ तासांनी, सात दिवस, ५,००० युनिटांची लहान मात्रा कातडीखाली टोचली, इन्सुलिन टोचतात तशीच. फुप्फुसातील गुठळीने औषध न घेतलेल्यांपैकी १६ जण दगावले, घेतलेल्यांपैकी दोनच. जखमेत रक्त साकळण्याचे प्रकार मात्र थोडे वाढले. म्हणूनच आजही कोणाला किती द्यायचे, हे डॉक्टर रोगी पाहून ठरवतात.

बेस्ट तेव्हा हयात होते. १९७८ च्या मार्च महिन्यात ते टोरांटोत वारले. बँटिंग यांची कबर ज्या माउंट प्लेझंट दफनभूमीत आहे, तेथेच त्यांचीही आहे.