मारिया आन्येसी

इटलीतील मिलान नगरीत १६ मे १७१८ रोजी मारिया आन्येसी हिचा जन्म एका धनवान घराण्यात झाला. बालपणीच फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा अनेक भाषा तिने आत्मसात केल्या. वडील घरी विद्वानांच्या सभा भरवीत व मुलीला त्यांच्याशी वाद करावयास लावीत. या प्रदर्शनाचा तिला मनापासून तिटकारा होता. मठात जाऊन गोरगरिबांची सेवा करावी, ही तिची इच्छा. परंतु वडिलांना ते मानवेना. अखेर साधी राहणी व नाचरंगापासून सुटका एवढेच मागून ती घरी राहिली आणि गणितात रमली.

१७४८ साली तिचा द्विखंडात्मक गणितग्रंथ प्रसिद्ध झाला. तो तिने पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता तरुणांसाठी सुबोध इटालियन भाषेत लिहिला. त्यातील एक वक्ररेषा आज तिच्या नावाने ओळखली जाते; मात्र फर्मा व ग्रांदी यांनी ती आधीच अभ्यासिली होती.

कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गात १ मिळवा आणि त्या बेरजेने १ ला भागा. संख्या ० असता उत्तर १ येते; १ असता १/२, ३ असता १/१०, १० असता १/१०१. ऋण संख्यांचीही उत्तरे हीच. ती आलेखावर मांडली म्हणजे दोहों बाजूंस उतरणारी टेकडी दिसते. तिचा उतार पायथ्याच्या आडव्या रेषेच्या अधिकाधिक जवळ जातो, परंतु तिला कधीच टेकत नाही; कारण अंश १ असताना उत्तर शून्य कसे होणार? अशा रेषेस अनंतस्पर्शी रेषा म्हणतात.

उभी अनंतस्पर्शी रेषा मात्र येथे नाही. १ ला नुसत्या संख्येनेच भागले, तर ती संख्या १/१०, १/१०० अशी शून्याकडे सरकताच उत्तर १०, १०० असे वर धावते आणि आलेख शून्यावरील उभ्या रेषेला बिलगू पाहतो. मारियाच्या वक्रात छेद १ हून लहान होतच नाही. म्हणून शिखर १ वरच थांबते.

ग्रंथाची कीर्ती पसरली. १७५० मध्ये पोपने बोलोन्याच्या विद्यापीठात तिची नेमणूक केली. परंतु ती तेथे शिकवावयास गेलीच नाही. १७५२ मध्ये वडील वारले. मग तिने गणित बाजूस ठेवून आपले द्रव्य व आयुष्य दीनदुबळ्यांना वाहिले. १७७१ पासून मिलानमधील एका वृद्धाश्रमातील स्त्रीविभाग ती सांभाळीत असे. ९ जानेवारी १७९९ रोजी तेथेच तिचा अंत झाला व गरिबांच्या सामाईक दफनभूमीत तिला पुरण्यात आले.

१८०१ मध्ये तिच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. वक्राचे मूळ इटालियन नाव भाषांतरकाराने चुकीचे वाचले, आणि तेव्हापासून इंग्रजी पुस्तकांत त्या वक्राला आन्येसीची चेटकीण म्हणतात.