रेम्ब्रँटचे घर

सतराव्या शतकात हॉलंडमधील ॲमस्टरडॅम हे बंदर मोठ्या भरभराटीला आले होते. दूरदूरच्या देशांहून गलबते येत आणि मसाले, रेशीम, चिनी मातीची भांडी यांनी तेथील वखारी भरून जात. कालव्यांच्या काठी व्यापाऱ्यांची उंच, अरुंद घरे उभी राहत होती. अशा या नगरीत १६३१ च्या सुमारास लायडन गावच्या एका पवनचक्कीवाल्याचा मुलगा चित्रकार म्हणून नशीब काढण्यास आला. त्याचे नाव रेम्ब्रँट. त्याचा जन्म १६०६ साली झाला होता.

थोड्याच वर्षांत त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. १६३९ साली त्याने १३,००० गिल्डर किमतीचे एक प्रशस्त घर घेतले. पैकी पुष्कळशी रक्कम द्यावयाची राहिली होती. पण सुंदर वस्तू दिसली की त्याचा हात आखडत नसे. शंख, प्रवाळ, शस्त्रे, पुतळे आणि चित्रे यांनी त्याने घर भरून टाकले. आपल्या देशातील मोगल चित्रेही त्याने न्याहाळली आणि त्यांवरून रेखाचित्रे काढली.

१६४२ साली त्याने ‘रात्रीचा पहारा’ हे भव्य चित्र पूर्ण केले. त्याच वर्षी त्याची पत्नी सास्किया वारली. पुढे कर्ज वाढतच गेले. अखेर १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. सरकारी कारकुनांनी खोलीखोलीत फिरून ३६३ नोंदींची यादी केली. सामानाचा लिलाव झाला. घरही विकले गेले.

रेम्ब्रँट भाड्याच्या घरात राहू लागला. परंतु त्याने कुंचला खाली ठेवला नाही. १६६२ साली त्याने कापड तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रसिद्ध चित्र रंगवले. १६६८ मध्ये त्याचा तरुण मुलगा टायटस वारला आणि पुढच्याच वर्षी रेम्ब्रँटनेही देह ठेवला. एका चर्चमधील भाड्याच्या थडग्यात त्याला पुरले. त्या जागी त्याच्या नावाचा दगडदेखील नव्हता.

आज त्याचे घर हे संग्रहालय आहे. ते १९११ साली उघडले. कारकुनांची ती यादी सुदैवाने टिकून राहिली होती. तिच्याच आधारे पुढे त्या खोल्या पूर्वीसारख्या सजवण्यात आल्या. ‘रात्रीचा पहारा’ हे चित्र त्याच शहरातील राष्ट्रीय संग्रहालयात मानाच्या जागी आहे.

ज्या यादीने त्याचे घर रिकामे केले, तिनेच ते पुन्हा भरले. परंतु त्याची दृष्टी आणि त्याच्या हातातील कला यांची नोंद त्या यादीत कोणालाही करता आली नव्हती. म्हणूनच त्यांचा लिलाव झाला नाही.