मनाच्या जखमांचे वैद्य : डॉ. रिव्हर्स

कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग घडला की आपण समाचाराला जातो आणि बहुधा एकच सांगतो : झाले गेले विसरावे, मन कामात गुंतवावे. मीही आजवर पुष्कळजणींना हेच सांगत आले. हा सल्ला नेहमीच हिताचा नसतो, हे शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यांचे चरित्र वाचून माझे डोळे उघडले, म्हणून ते जसे समजले तसे येथे लिहिते.

डॉ. विल्यम रिव्हर्स यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि बोलताना अडखळणाऱ्यांवर उपचारही करीत. पण त्यांचा हा मुलगा मात्र जन्मभर अडखळतच बोलला. पुढे दुसऱ्यांना बोलते करण्याचे काम त्याच्याच वाट्याला यावे, ही दैवाची लीलाच म्हणायची. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले व नंतर केंब्रिजला शिकवू लागले. १९०१-०२ मध्ये आपल्या देशात येऊन नीलगिरीच्या तोडा लोकांत ते राहिले आणि त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. १९०३ साली त्यांचे मित्र डॉ. हेन्री हेड यांनी स्वतःच्या डाव्या हाताची मज्जातंतू मुद्दाम कापून घेतली. तुटलेली संवेदना कशी परत येते, हे रिव्हर्स चार वर्षांहून अधिक काळ सुया टोचून, थंड-गरम लावून तपासत राहिले. केवढी ही चिकाटी!

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. रणांगणावरून असे सैनिक येऊ लागले की अंगावर जखम नाही, पण वाचा गेलेली, हातपाय लुळे पडलेले, रात्री किंकाळ्या फोडून उठणारे. रिव्हर्स यांचेच विद्यार्थी डॉ. मायर्स यांनी १९१५ च्या आपल्या लेखात या विकाराला ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, असे म्हटले. स्फोटाने मेंदू हादरत असावा, असा प्रथम समज होता. पण ज्यांच्याजवळ गोळा पडलाच नव्हता, त्यांचीही तीच अवस्था दिसू लागली. स्फोटाने मेंदूला इजा होऊ शकते आणि भीतीने मनालाही, दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे आज डॉक्टर मानतात. त्या वेळी मात्र पुष्कळांना हे भेकडपणाचे सोंग वाटे. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली! कोठे कोठे वाचा गेलेल्यांना विजेचे झटकेही देत.

१९१६ साली रिव्हर्स स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात आले. त्यांना दिसले की, दिवसा सारे विसरायची धडपड करणाऱ्यांनाच रात्री भयंकर स्वप्ने पडतात. म्हणून ते रोग्याजवळ बसत आणि घडलेले त्याच्याच तोंडून ऐकून घेत. सतत तेच उगाळणेही बरे नव्हे, असे ते सांगत. पण आठवण दडपू नये, तिच्याकडे नीट पाहावे, हा त्यांचा आग्रह.

एका तरुण अधिकाऱ्याला मित्राचा छिन्नविच्छिन्न देह रोज स्वप्नात दिसे. रिव्हर्स यांनी त्याला दाखवून दिले की, देहाची अशी दशा झाली त्या अर्थी मित्राला क्षणात मरण आले, त्याला तळमळावे लागले नाही. पुढे स्वप्न पडले त्यात भीती नव्हती, फक्त दुःख होते. दुसऱ्या एकाची आठवण मात्र इतकी किळसवाणी होती की तिच्यात दिलासा देण्याजोगे काहीच सापडेना. तेव्हा त्याने लष्कर सोडून खेड्यात जाऊन राहावे, असे त्यांनी सुचवले. आपला उपाय सर्वांना लागू पडतो, असा दावा त्यांनी केला नाही.

पण एक काटा त्यांना सलत राहिला. बरा झालेला रोगी पुन्हा मरणाच्या तोंडी पाठवायचा! १९१७ साली सीगफ्रीड ससून नावाचे शूर अधिकारी व कवी, युद्धाचा जाहीर निषेध केल्याबद्दल तेथे आणले गेले. त्यांच्या डोक्यात काही बिघाड नाही, हे रिव्हर्स यांना कळत होते. तरी कर्तव्य म्हणून त्यांचे मन वळवायचे होते. ससून परत लढाईवर गेले, सुदैवाने वाचले आणि रिव्हर्सना जन्मभर मानीत राहिले. या पेचाने पडलेले स्वतःचे स्वप्न डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. रोग्याला जे सांगितले, तेच स्वतः आचरले.

१९२२ च्या जूनमध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी ते वारले.

युद्ध आपल्या दारात नाही. पण अपघात, अकाली मरण, घरातली मारहाण कुणाच्या वाट्याला येत नाही? यापुढे अशा घरी गेले, तर विसर असे मी म्हणणार नाही. तिच्याजवळ बसेन, आणि ती बोलू लागली तर मध्ये न बोलता ऐकेन. एवढे तर आपणां सर्वांना जमण्यासारखे आहे.